शेरा : निरंक

श्री टेकडेश्वर क्रीडा मंडळ
असल्फा, घाटकोपर (पश्चिम)
सुवर्णमहोत्सवी वर्ष

६ ऑक्टोबर २०२५

चि. अक्षतास,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून म्हणशील, काकांना फोन करायला काय झालं? पण विषय मंडळाचा आहे आणि मंडळाचे विषय मी फोनवर बोलत नाही. मागे एकदा संघनिवड ग्रुपवर टाकली, तर वगळलेल्या मुलाची आई दहा मिनिटांत दारात उभी! तेव्हापासून सगळं कागदावर. जकात नाक्यावर एकतीस वर्षं हेडक्लार्की केली, कागदाशिवाय एक ट्रक सोडला नाही. आता तर काय, चिटणीस म्हणून घरचंच मंडळ आहे.

मंडळाला पन्नास वर्षं झाली. जानेवारीत आपल्याच मैदानावर मोठी स्पर्धा घेतोय. यंदा करंडक आपल्याकडे आला पाहिजे. १९८९चा अंतिम सामना आपण एका गुणाने हरलो हे तू लहानपणापासून ऐकत आली आहेस. कर्णधार मी होतो, शेवटची चढाई माझी होती. त्या दिवशी घरी येऊन जेवलो नाही. तो एक गुण छत्तीस वर्षं सलतोय.

तर अडचण अशी की पकडी करणारी पोरं आपल्याकडे आहेत, चढाई करणारा नाही. कार्यकारिणीने एकमताने ठरवलं आहे की हर्षदला घ्यायचं. दचकू नकोस, पुढे वाच. कंपनीच्या संघातून त्याला काढल्यापासून तो रिकामाच आहे. त्याची नोंदणी मात्र अजून तुमच्या मुलुंडच्या ‘उगवती’ मंडळात आहे. जिल्हा संघटनेच्या नियमाप्रमाणे जुन्या मंडळाच्या चिटणिसाने ना हरकत दाखला दिल्याशिवाय गडी दुसऱ्या मंडळात जाऊ शकत नाही. आणि उगवतीची चिटणीस तू आहेस.

आता तुझं आणि त्याचं जे काही झालं, त्याचा या कागदाशी संबंध नाही. सही तू बायको म्हणून करायची नाहीस, चिटणीस म्हणून करायची आहेस. तुला त्रास नको म्हणून फॉर्म मीच भरून पाठवतोय. ‘शेरा’ या रकान्यात नेहमीप्रमाणे ‘निरंक’ लिहिलं आहे. फक्त सही आणि शिक्का.

तुझी लताआत्या बरी आहे. डाव्या कानाने ऐकू येणं आणखी कमी झालंय. वयोमान, दुसरं काय. हल्ली एवढ्या मोठ्याने बोलते की शेजारी विचारतात, भांडण आहे का?

तुझा,
चंद्रप्रकाशकाका


मुलुंड (पूर्व)
१३ ऑक्टोबर २०२५

ती. काकांस,
सा. न.

पत्र मिळालं, फॉर्म मिळाला. ‘निरंक’ तुम्ही फार सुंदर लिहिलंय. तुमचं अक्षर पहिल्यापासूनच चांगलं.

उगवती मंडळ आम्ही २०१९ साली काढलं, तेव्हा हर्षद कर्णधार आणि मी चिटणीस. त्याला कागदपत्रांचा कंटाळा म्हणून. तुम्ही नारळ फोडायला आला होतात आणि म्हणाला होतात, नवऱ्याचा कारभार बायकोच्या सहीने चालणार, संसार सुखाचा होईल! लग्नही तुम्हीच जमवलं होतं. खेळाडूला खेळाडू, म्हणून.

मार्च २०२३मध्ये माझं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. हर्षदने ते दाराच्या फटीत धरून दार लावलं होतं. तुम्ही धावत हॉस्पिटलात आलात. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, “सरावात पडली हो, कबड्डी खेळते ना.” डॉक्टरांनी तसंच लिहिलं. तुमच्या मनात वाईट नव्हतं, मला माहीत आहे. घरची अब्रू झाकायची होती. पण आज माझी केस उभी राहिली की त्याचा वकील पहिला तोच कागद दाखवतो. तुम्ही केलेला कागद पक्का असतो, काका.

आता मला एक सांगा. आपल्या ओजसने तीन वर्षांपूर्वी सामन्यात पंचाला ढकललं. पंचाच्या शर्टाचं बटण तुटलं. तुम्ही त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातलीत आणि नोटीस फळ्यावर लावलीत. पोराने खेळच सोडला, हल्ली पवईला एका ऑफिसच्या गेटवर उभा असतो. बटणाला दोन वर्षं. मनगटाला सुवर्णमहोत्सवी संघात निवड. तुमच्या नियमावलीत पंचावर हात उचलण्याचं कलम आहे, बायकोवर उचलण्याचं कुठे आहे ते मला सापडलं नाही. सापडलं तर कलमाचा नंबर कळवा.

फॉर्म माझ्याकडेच ठेवते. आत्याला नमस्कार.

अक्षता


घाटकोपर
२४ ऑक्टोबर २०२५

चि. अक्षतास,
आशीर्वाद.

लताने सोबत करंज्या आणि चकल्या दिल्या आहेत. चकल्यांचे यंदा तुकडे झालेत, पण चव बरी आहे.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. रागावलो नाही. तू माझ्या मांडीवर खेळलेली पोर, बायकोच्या भावाची म्हणून परकी मानली नाही. डाव्या कोपऱ्यावर उभं राहून घोटा कसा धरायचा हे तुला मी शिकवलं. पण तू दोन गोष्टींची सरमिसळ करतेस. घर वेगळं, मैदान वेगळं. मैदानाला चुन्याची रेषा असते ती त्यासाठीच. रेषेच्या आत जे होतं ते पंच बघतो, बाहेरचं कोर्ट बघेल. आणि कोर्टाचा निकाल अजून लागलेला नाही. निकाल लागेपर्यंत माणूस निर्दोष, हे मी सांगत नाही, कायदा सांगतो. कलम मात्र नाही, हे तू बरोबर शोधलंस.

आपल्या खेळाचं मोठेपण काय आहे? क्रिकेटमध्ये बाद झालेला माणूस पॅड सोडून बसतो, संपला. कबड्डीत बाद झालेला गडी पुन्हा उठतो. आपल्या बाजूने गुण मिळाला की पहिला बाद झालेला पहिला उठतो. आपणच हर्षदला उठवलं नाही तर कोण उठवणार? खेळ सुटला की माणूस बाटलीला लागतो, अशी मी किती उदाहरणं दाखवू?

आणि पोरी, भांड्याला भांडं कुठे लागत नाही? हरून आलेल्या माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं. आमच्याही संसारात एखाद वेळ झालं असेल. लताने कधी त्याचा बाऊ केला नाही. यंदा एकोणचाळीस वर्षं पूर्ण झाली.

लतावरून आठवलं. ३० नोव्हेंबरला आपली वार्षिक सभा आहे. त्या दिवशी जुन्या कार्यकर्त्यांच्या पत्नींचा सत्कार ठेवलाय. पन्नास वर्षं आमच्या चहा-पोह्यांची सोय ज्यांनी केली त्या ‘पडद्यामागच्या शक्ती’, अशी कल्पना आहे. कल्पना माझीच. लताला व्यासपीठावर बसवणार आहे.

आपल्या जुन्या मॅट निघाल्या आहेत. तुझ्या संघातल्या मुली मातीत गुडघे फोडून घेतात, त्यांना उपयोगी पडतील. शिवाय उगवतीच्या नोंदणीचं नूतनीकरण १५ डिसेंबरपर्यंत आहे. त्याला दरवर्षी आपल्या मंडळाचं शिफारसपत्र लागतं. यंदाही देऊच. एका कागदाने दुसरा कागद पुढे सरकतो, तुला काय सांगायचं?

काका


मुलुंड
२ नोव्हेंबर २०२५

ती. काकांस,
सा. न.

चकल्या मुलींनी सरावानंतर पाच मिनिटांत संपवल्या. आत्याला सांगा. उजव्या बाजूला बसून सांगा, म्हणजे ऐकू येईल.

शिफारसपत्राचं समजलं. चिटणीस मीही आहे.

बाद झालेला गडी उठतो, हे खरं. पण गुण मिळाल्यावर उठतो ना, काका? बाकावर बसून “मला उठवा” म्हटलं म्हणून कोणाला उठवलेलं मी बघितलं नाही. हर्षदने कोणता गुण मिळवला? कोर्टाने त्याला समुपदेशनाला जायला सांगितलं होतं, तो एकदाही गेला नाही. माझ्या शाळेच्या गेटवर येऊन दोनदा तमाशा करून गेला. साधं “चुकलं” हा शब्द आजपर्यंत आलेला नाही, आला तो तुमच्या अक्षरातला फॉर्म. उद्या तो येऊन म्हणाला की केलं ते मी केलं, तर मी काय करेन मला माहीत नाही. पण तो म्हणतो सरावात पडली. का म्हणणार नाही? तसा कागद आहे.

आणि हरून आलेल्या माणसाचं म्हणाल तर एक चूक दुरुस्त करते. त्या दिवशी तो हरला नव्हता. चौदा गुण करून, हार गळ्यात घालून घरी आला होता. सामन्याच्या व्हिडिओत एका चढाईत त्याचा पाय निदानरेषेवर पडलेला दिसत होता, म्हणजे ती ओलांडलीच नव्हती, ते मी त्याला हसत दाखवलं. एवढंच झालं होतं.

त्याने कबड्डी खेळू नये असं मी कुठेच म्हटलेलं नाही. त्याला काम द्या, सकाळी मैदान झाडायला लावा, धाकट्या मुलांचे कपडे सांभाळायला बसवा. माणूस उपाशी मरावा एवढी मी दुष्ट नाही. पण तुम्ही त्याला खांद्यावर घेऊन नाचणार आहात. बॅनर लावणार. माझ्या बारा मुली त्या स्पर्धेत खेळायला येणार आणि बॅनरखालून आत जाणार. आमच्या प्रियंकाने मागच्या आठवड्यात मला विचारलं, “मॅडम, तुम्ही तुमचा हात सरळ का नाही करत?” तिला मी खरं सांगितलं. आता बॅनरचं काय सांगू, ते तुम्ही लिहून पाठवा, तसंच वाचून दाखवते.

आत्याने बाऊ केला नाही म्हणता. तिला कधी विचारलंत का?

अक्षता


श्री टेकडेश्वर क्रीडा मंडळ
जा. क्र. ४७/२०२५
९ नोव्हेंबर २०२५

प्रति,
चिटणीस, उगवती क्रीडा मंडळ, मुलुंड (पूर्व).

विषय : खेळाडू हर्षद यांचा ना हरकत दाखला.

महोदया,
उपरोक्त विषयी आपणांस कळवण्यात येते की, दाखला दि. २० नोव्हेंबरपर्यंत प्राप्त न झाल्यास आपल्या शिफारसपत्राबाबत कार्यकारिणीस फेरविचार करावा लागेल. असे झाल्यास आपला मुलींचा संघ यंदाच्या मोसमात कोणत्याही मान्यताप्राप्त स्पर्धेत खेळू शकणार नाही, याची नोंद घ्यावी.

आपला विश्वासू,
चिटणीस

ता. क. — अक्षता, हे अध्यक्षांनी लिहायला लावलं. काशीराम कसा आहे तुला ठाऊक आहे. मी मधल्या मध्ये सापडलोय. तू विचारलेला प्रश्न आमच्या घरातला आहे, त्याचं उत्तर पत्रात देण्यासारखं काही नाही. सही करून टाक ना बाई. झाकली मूठ सव्वा लाखाची.


मुलुंड
१६ नोव्हेंबर २०२५

ती. काकांस,
सा. न.

माझ्या बारा मुलींचा मोसम बुडू देणार नाही. दाखला सोबत आहे. सही आहे, शिक्का आहे, तारीख आहे. तुम्ही भरलेला फॉर्म वापरला नाही, संघटनेकडून कोरा आणला. दुसऱ्याने भरलेल्या फॉर्मवर चिटणिसाने सही करू नये हे तुम्हीच मला शिकवलंत, मी नववीत असताना, मंडळाचं रजिस्टर लिहायला बसवलंत तेव्हा.

हर्षदने दुसऱ्या मंडळात जाण्याला माझ्या मंडळाची हरकत नाही. मनापासून नाही. त्यामुळे तो रकाना तुम्हाला हवा तसाच आहे. ‘शेरा’ हा रकाना फक्त मी माझ्या शब्दांत भरला आहे. वकीलबाईंना दाखवला, त्या म्हणाल्या, खरं आहे ना, मग असू दे.

तुमच्या मंडळाचा एक नियम आठवण करून देते. १९९४ साली एक गडी खोटा दाखला घेऊन आला होता, तेव्हा तुम्ही ठराव केलात की यापुढे नव्या खेळाडूचा दाखला सभेत, मैदानावर, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचला जाईल. एकतीस वर्षं तुम्हीच वाचत आला आहात. आम्ही मुलं मागे बसून ‘शेरा, निरंक’ तुमच्याबरोबर ओरडायचो.

यंदाही वाचाल ना?

अक्षता


घाटकोपर
५ डिसेंबर २०२५

चि. अक्षतास,

शिफारसपत्र सोबत आहे, ते आधी नीट ठेव. शिक्का लताने मारला. माझा खण उघडून, शाईचा पॅड काढून, मला न विचारता. त्यानंतर सही न करून सांगतो कोणाला?

सभेत काय झालं ते तुला लता सांगेलच. ती सोमवारपासून तुझ्याकडेच आहे. तरी माझ्या बाजूने नोंद असावी म्हणून लिहितो.

दाखला आला त्या दिवशी मी तो काशीरामला दाखवला. तो म्हणाला, शेरा गाळून वाच, कोणाला कळतंय? मी म्हटलं, नियम आहे. तो म्हणाला, मग हळू वाच. दोन दिवस मी घरात हळू वाचण्याचा सराव केला, हे तुला म्हणून सांगतो.

रविवारी मैदान भरलं होतं. हर्षद पहिल्या रांगेत हार घालून बसला होता. नऊ बायका व्यासपीठावर, हातात सन्मानचिन्हं. मी वाचायला लागलो. खेळाडूचे नाव, जन्मतारीख, वजन, सोडत असलेले मंडळ, हरकत : नाही. टाळ्या झाल्या. मग शेरा आला. तुझं पहिलं वाक्य वाचलं, ‘सदर खेळाडूने दि. ११ मार्च २०२३ रोजी पत्नीचे उजवे मनगट दारात चिरडून मोडले.’ पुढचं वाक्य होतं, ‘ही दुखापत सरावातील असल्याची खोटी माहिती डॉक्टरांना आपल्या मंडळाचे चिटणीस श्री. चंद्रप्रकाश यांनी दिली.’ तिथे मला अक्षर लागेना. खरं सांगायचं तर अक्षर स्वच्छ होतं. तुझं अक्षर मीच वळवलंय.

मी खोकलो, पाणी प्यायलो. काशीराम लगेच उठून “शेरा, निरंक!” म्हणाला. मागच्या पोरांनी सवयीने त्याच्याबरोबर ओरडून घेतलं. लताला काही नीट ऐकू गेलं नव्हतं. तिला वाटलं माझा चष्मा घरी राहिला. ती खुर्चीवरून उठली, सन्मानचिन्ह माझ्या हातात दिलं, कागद घेतला आणि स्वतः वाचायला लागली. तिला स्वतःचा आवाज कळत नाही म्हणून ती मोठ्याने बोलते हे तुला ठाऊकच आहे. काशीरामने माईक बंद करायला सांगितला, पण तिला माईकची गरजच नव्हती. खालच्या वस्तीत पाणी भरणाऱ्या बायकासुद्धा हंडे ठेवून वर आल्या.

तिने माझ्या नावाचं वाक्य वाचलं, थांबली, माझ्याकडे बघितलं आणि तेच वाक्य पुन्हा वाचलं. मग समुपदेशनाचं, शाळेच्या गेटचं, सगळं. शेवटी तुझी सही, हुद्दा, तारीख. आणि त्यानंतर तिने आणखी एक वाक्य म्हटलं जे कागदावर नव्हतं. ते मी इथे लिहीत नाही.

टाळ्या झाल्या नाहीत. हर्षद हार काढून खुर्चीवर ठेवून निघून गेला. बाकीच्या आठ बायका एकेक करून व्यासपीठावरून उतरल्या, सन्मानचिन्हं तिथेच राहिली. आमच्या कार्यकर्त्यांना त्या दिवशी चहा मिळाला नाही.

मंगळवारी कार्यकारिणीची तातडीची बैठक झाली. तुला वाटेल, हर्षदबद्दल ठराव झाला. नाही. दाखले यापुढे मोठ्याने वाचू नयेत असा ठराव झाला. एकमताने झाला असता, एक मत विरुद्ध पडलं. मतदान गुप्त होतं.

हर्षदला काल बोरिवलीच्या एका मंडळाने घेतलं. दाखला तुझाच चालला. मी त्यांच्या चिटणिसाला फोन करून विचारलं, शेरा वाचलात का? तर म्हणे, “एवढा मोठा शेरा कोण वाचतो, साहेब? तुमच्याकडे चौदा गुणांचा व्हिडिओ आहे का?” मी आयुष्यात पहिल्यांदा मंडळाचा विषय फोनवर बोललो, त्याचं हे फळ.

तर अक्षता, लता परत कधी येणार? ती निघाली तेव्हा मी अंगणात उभा राहून विचारलं, तिने ऐकलं नाही. कदाचित मी डाव्या बाजूला होतो. घरात साखरेचा डबा सापडत नाही. तो महत्त्वाचा नाही. तू तिला समजाव.

काका


मुलुंड
९ डिसेंबर २०२५

ती. काकांस,
सा. न.

शिफारसपत्र पोचलं. नोंदणी झाली. हर्षदचं बोरिवलीचं मला कळलं होतं, त्यांचा बॅनर कालच फेसबुकवर आला. रडले थोडी. मग सरावाला गेले.

आत्या मजेत आहे. रोज संध्याकाळी मैदानावर येऊन बसते आणि गुण मोजते. मुलींना तिचा आवाज आवडतो. चढाईला कोण चाललीय ते तिच्यामुळे पलीकडच्या बिल्डिंगपर्यंत कळतं. काल तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, कधीपासून? मी गप्प बसले. कोणाच्या वतीने उत्तर द्यायचं नाही, एवढं मी शिकले आहे. तिने स्वतः सांगितलं. डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलं.

तुमचं पत्र तिला वाचून दाखवलं. परत जाण्याबद्दल विचारलं, तर म्हणाली, “तुझ्या काकांना तोंडी काही पटत नाही. त्यांना कागद लागतो. फॉर्म पाठव.” मला वाटलं चेष्टा करतेय. तर तिने खरंच माझ्या फायलीतून ना हरकत दाखल्याचा एक कोरा फॉर्म काढून दिला. सोबत जोडला आहे. आत्याचं म्हणणं असं : तो तुमच्या हाताने भरायचा. शेरा निरंक ठेवायचा नाही. मग इथे येऊन, तुमच्या जुन्या नियमाप्रमाणे, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचायचा. उजव्या बाजूला उभं राहून. येईन की नाही ते वाचून झाल्यावर सांगेन, म्हणते.

आणि माझंही एक काम आहे. वकीलबाईंना तुमच्याकडून एक कागद हवाय, हॉस्पिटलात तुम्ही काय सांगितलंत आणि खरं काय होतं, एवढाच. तारीख २२ डिसेंबर. हा कागद द्यावा म्हणून मी तुमचं काहीही अडवून धरलेलं नाही. द्यायचा नसेल तर देऊ नका.

साखरेचा डबा देव्हाऱ्याखालच्या फळीवर आहे. एकोणचाळीस वर्षं तिथेच आहे म्हणाली.

अक्षता


घाटकोपर
१२ डिसेंबर २०२५

चि. अक्षतास,
आशीर्वाद.

वकीलबाईंसाठीचा कागद सोबत आहे. दोनदा लिहिला. पहिल्यात ‘गैरसमजातून’ असा शब्द आला होता, तो फाडला. साक्षीला यावं लागलं तर येईन. काशीरामला कळवलं आहे. तो म्हणाला, चिटणीसपदाचा विचार कर. म्हटलं, करतो.

दुसरा फॉर्म भरायला दोन दिवस लागले. एकतीस वर्षांत एवढा वेळ कधी लागला नव्हता. रविवारी सकाळी दहाला येतो. मैदानावरच येईन, मुली असल्या तरी चालेल. तिने त्या दिवशी सभेत जे एक वाक्य जास्तीचं म्हटलं, ते आता मी कागदावर घेतलं आहे. वाचताना पुन्हा अडखळलो तर कोणी मधे ‘निरंक’ म्हणू नये, एवढं मुलींना सांगून ठेव. लताला म्हणावं, थांबलो तरी कागद माझ्या हातातून घेऊ नकोस.

तू आधी एकदा बघून घ्यावंस म्हणून नक्कल जोडतोय.

काका


ना हरकत दाखला (नक्कल)

नाव : सौ. लता चंद्रप्रकाश घाडीगावकर
सोडत असलेले ठिकाण : असल्फा, घाटकोपर
सध्याचे ठिकाण : मुलुंड (पूर्व)
तेथे राहण्यास हरकत : नाही
अर्जदारावर पूर्वी शिस्तभंगाची कारवाई झाली होती काय : तिच्यावर नाही. माझ्यावर? नाही. कधीच नाही.

शेरा : सन १९८९. अंतिम सामना एका गुणाने हरून घरी आलो. लताने दार उघडलं आणि विचारलं, किती गुणांनी? मी हात उचलला. डावा कान. त्या दिवसापासून. वयोमान नाही.